रोजच्या गोळ्या आणि आतड्यातली व्हिटॅमिनं: काय कमी होतं, कसं ओळखायचं, काय करायचं

शुगरची गोळी, पित्ताची गोळी आणि तळपायाची आग होते म्हणून ताकदीची गोळी. सोलापुरातल्या कितीतरी घरांत या तिन्ही गोळ्या एकाच डब्यात असतात. तिसरी गोळी पहिल्या दोन गोळ्यांमुळे लागली असेल, हे मात्र घरात कुणाच्या ध्यानात येत नाही. मी औषधांच्या दुकानात बसतो. लोक चिठ्ठी पुढे करतात आणि वर "एक बी-ट्वेल्व्हची स्ट्रिप पण द्या" म्हणतात. रक्त तपासलंय का, असं मी विचारतो. बहुतेक वेळा नसतं. काउंटरवर मागे माणसं उभी असतात, तिथे सगळं समजावून सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. हा लेख वाचून कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करू नका. मेटफॉर्मिन सोडल्यानं वाढणारी शुगर, फिट्सची गोळी चुकल्यानं येणारा झटका किंवा टीबीचा कोर्स अर्धवट टाकल्यानं होणारं नुकसान व्हिटॅमिनच्या कमतरतेपेक्षा कितीतरी मोठं आहे. गोळी चालू ठेवूनच कमतरता भरून काढायची असते, आणि ती बहुतेक वेळा भरून निघते.

आतड्यात नेमकं काय चालतं

मोठ्या आतड्यातले जिवाणू आपण न पचवलेला चोथा खातात आणि त्यातून काही जीवनसत्त्वं तयार करतात. व्हिटॅमिन के, बायोटिन, फोलेट, रायबोफ्लेविन, बी-सिक्स आणि बी-ट्वेल्व्हसुद्धा. पण जे तयार होतं ते सगळं आपल्याला मिळतंच असं नाही. फोलेट, बायोटिन आणि के यांचा काही भाग मोठ्या आतड्यातून रक्तात जातो. बी-ट्वेल्व्हचं तसं नाही. ते शोषलं जाण्याची जागा लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात आहे, आणि जिवाणू ते बनवतात त्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात. तिथून माल मागे फिरत नाही. म्हणून "रोज दही खाल्लं की पोटातच बी-ट्वेल्व्ह तयार होतं" हे ऐकीव ज्ञान बाजूला ठेवा. दह्यातून बी-ट्वेल्व्ह मिळतं ते दुधात मुळात असतं म्हणून.

औषधं या व्यवहारात तीन ठिकाणी हात घालतात. काही औषधं जिवाणूच मारतात. काही औषधं अन्नातलं व्हिटॅमिन मोकळं होऊ देत नाहीत किंवा शोषू देत नाहीत. आणि काही औषधं शरीरात पोचलेल्या व्हिटॅमिनलाच कामाला लागू देत नाहीत. आपली गोळी यांतल्या कुठल्या वाटेनं जाते ते कळलं की उपायही कळतो. पहिल्या वाटेला काही दिवसांची काळजी पुरते, दुसरीला वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं, तिसरीला त्या औषधाबरोबरच ठरलेलं व्हिटॅमिन द्यावं लागतं.

त्रास किती दिवसांनी दिसेल हे साठ्यावर ठरतं. बी-ट्वेल्व्हचा साठा मुख्यतः यकृतात असतो, साधारण 2 ते 5 मिलिग्रॅम. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे साठ्याच्या मानानं नगण्य. आपल्या भागात पूर्वी ज्वारी पेवात भरून ठेवायचे आणि पाऊस हुकला तरी पेवात दाणा असेपर्यंत घरात चणचण दिसायची नाही. बी-ट्वेल्व्हचं तसंच आहे. आवक बंद झाली तरी काही वर्षं काहीच जाणवत नाही, आणि जाणवायला लागतं तेव्हा तळ लागलेला असतो. फोलेट तीन-चार महिने पुरतं. व्हिटॅमिन के जेमतेम काही आठवडे, आणि आजारी, न जेवणाऱ्या माणसात त्याहूनही कमी.

पायरी 1: घरातली सगळी औषधं एका कागदावर उतरवा

डबा, पिशवी, देवघराशेजारचं कपाट, पर्स, सगळीकडून औषधं काढून एका जागी मांडा. प्रत्येक स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते लिहा. वरचं मोठं नाव कंपनीचं असतं आणि ते दर दुकानात बदलतं. सिव्हिलमधून मिळालेली गोळी आणि खाजगी डॉक्टरांनी लिहिलेली गोळी दिसायला वेगळी असते, पण आत दोन्हीकडे मेटफॉर्मिनच निघतं, असं बऱ्याचदा होतं. शुगरच्या जोडगोळ्यांत तर हमखास. ग्लिमेपिराइडच्या शेजारी मेटफॉर्मिन लिहिलेलं असतं आणि घरच्यांना वाटतं की आपण मेटफॉर्मिन घेतच नाही.

नावापुढे डोस, दिवसातून किती वेळा आणि कधीपासून, एवढं लिहा. 'कधीपासून' हा रकाना मोकळा सोडू नका. बी-ट्वेल्व्हच्या बाबतीत सगळं त्यावरच अवलंबून आहे. जुन्या फाईलमधला पहिला केसपेपर शोधला की वर्ष सापडतं.

मागच्या तीन महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिकं, गावातल्या दवाखान्यात टोचून घेतलेली इंजेक्शनं, केसांसाठीच्या गोळ्या, पोट साफ होण्याची चूर्णं हेही त्याच कागदावर येऊ द्या. डॉक्टर विचारत नाहीत म्हणून आपण सांगत नाही, असं या गोष्टींचं होतं.

पायरी 2: आपली गोळी काय करते ते पाहा

मेटफॉर्मिन

सगळ्यात जास्त लोकांशी संबंध असलेलं औषध हेच, म्हणून यावर जरा थांबतो. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला बी-ट्वेल्व्ह आत घेण्यासाठी कॅल्शियमची मदत लागते. मेटफॉर्मिन त्या कामात अडथळा आणतं. डोस जितका जास्त आणि वर्षं जितकी जास्त, तितका धोका जास्त. ही गोष्ट 1970 च्या दशकापासून माहीत आहे. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं 2022 मध्ये हा परिणाम 'नेहमी आढळणारा' या वर्गात घातला आणि दहातल्या एकापर्यंत रुग्णांना तो होऊ शकतो असं नमूद केलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची बी-ट्वेल्व्ह तपासणी अधूनमधून करायला सांगते, विशेषतः रक्त कमी असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर.

सोलापुरात याला आणखी एक बाजू आहे. इथे लिंगायत, जैन आणि इतरही अनेक घरं पिढ्यान्पिढ्या शाकाहारी आहेत. बी-ट्वेल्व्ह झाडपाल्यात नसतं. ज्वारीत नाही, डाळीत नाही, शेंगदाण्यात नाही. शाकाहारी माणसाची आवक फक्त दूध, दही, ताक, पनीर यांतून. दूध म्हणजे दोन वेळचा चहा, एवढंच असेल तर साठा आधीच तोकडा असतो. त्यावर दहा वर्षं मेटफॉर्मिन म्हटलं की काय होणार ते सांगायला नको.

खरी पंचाईत अशी की मधुमेहानंही पायाच्या नसा खराब होतात आणि लक्षणं तीच असतात: मुंग्या, बधिरपणा, तळपायाची आग. म्हणून "शुगरमुळेच आहे, चालायचंच" असं म्हणून गोष्ट सोडून दिली जाते. शुगरनं झालेलं नसांचं नुकसान सहसा मागे येत नाही, पण बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेचं वेळेत सापडलं तर बरंच भरून निघतं. एवढ्या एका कारणासाठी तपासणी करायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

पित्ताच्या गोळ्या

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. अन्नातलं बी-ट्वेल्व्ह प्रथिनाला चिकटलेलं असतं आणि जठरातलं आम्ल ते सोडवतं. आम्लच बंद केलं तर ते सुटत नाही. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ रोज घेणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी दोन्ही असतील तर दुहेरी मार बसतो. यात दिलासा एवढाच की व्हिटॅमिनच्या गोळीतलं बी-ट्वेल्व्ह प्रथिनाला चिकटलेलं नसतं, त्याला आम्ल लागत नाही. त्यामुळे पित्ताच्या गोळीवर असलेल्या माणसाला बी-ट्वेल्व्हची साधी गोळीही लागू पडते.

झणझणीत खाणं आहे म्हणून पित्ताची गोळी कायमचीच, असं धरून चालू नका. अनेकांना ती चार-आठ आठवड्यांसाठी दिलेली असते आणि चिठ्ठी पुढे वर्षानुवर्षं फिरत राहते. पण एकदम बंद केली तर आम्ल उसळून येतं आणि माणूस घाबरून पुन्हा सुरू करतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. हृदयविकारामुळे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ही गोळी जठराच्या रक्षणासाठी दिलेली असते. ती मनानं काढू नका.

अँटिबायोटिक

जिवाणूच मारणारी ही औषधं. पाच-सात दिवसांच्या साध्या कोर्सनं, नीट जेवणाऱ्या धडधाकट माणसाला व्हिटॅमिनची कमतरता होत नाही. काही आठवड्यांत जिवाणूंची वस्ती बरीचशी पूर्वपदावर येते. त्यामुळे प्रत्येक कोर्सबरोबर बी-कॉम्प्लेक्स लिहून देण्याची जी पद्धत पडली आहे, तिची बहुतेकांना गरज नसते.

धोका असतो तो दवाखान्यात दाखल असलेल्या, पोटात अन्न न जाणाऱ्या, वयस्कर, किडनी किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाला मोठ्या अँटिबायोटिकचा लांबलेला कोर्स चालू असेल तेव्हा. अशा वेळी व्हिटॅमिन के कमी होऊन रक्त गोठायला वेळ लागतो. सेफोपेराझोन हे इंजेक्शन या बाबतीत विशेष लक्षात ठेवण्यासारखं. ते जिवाणू तर मारतंच, शिवाय त्याच्या रचनेतला एक भाग यकृतात व्हिटॅमिन केच्या कामातही आडवा येतो. घरचा माणूस ॲडमिट असेल, चार-पाच दिवस जेवण नसेल आणि हिरड्यांतून किंवा सुईच्या जागेतून रक्त येत असेल, तर "पीटी-आयएनआर बघितलं का?" असं डॉक्टरांना विचारा. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी ही तपासणी. के-चं इंजेक्शन दिलं की सुधारणा काही तासांतच दिसू लागते.

तान्ह्या बाळाचा प्रश्न यातलाच. जन्मतः बाळाच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती नसल्यासारखीच असते आणि आईच्या दुधात के फार थोडं असतं. म्हणून जन्मल्यावर लगेच मांडीत व्हिटॅमिन केचं 1 मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात, एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम. ते दिल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर आहे का ते बघून घ्या. गरोदरपणात आई फिट्सच्या किंवा टीबीच्या गोळ्यांवर असेल तर बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे आधीच सांगायला हवं.

रक्त पातळ होण्याची गोळी

वॉर्फरिन किंवा असिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. हृदयात कृत्रिम झडप बसवलेले अनेक रुग्ण या गोळ्यांवर असतात. या गोळ्या व्हिटॅमिन केच्या विरोधातच काम करतात. त्यात मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांपैकी एखादं अँटिबायोटिक किंवा बुरशीवरचं फ्लुकोनाझोल आलं की आयएनआर झपाट्यानं वाढतो, म्हणजे रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं. जुलाब लागले म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मेट्रोनिडाझोल घेणं या माणसाला जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनीच दिलं असेल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर तपासा आणि कोर्स संपल्यावर पुन्हा एकदा. शौचाला डांबरासारखी काळी होणं, लघवी लाल होणं, नाकातून रक्त न थांबणं, डोक्याला मार लागणं, यांतलं काही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचा व्हिटॅमिन केशी संबंध नाही, पण त्यांच्यावरही काही औषधांचा परिणाम होतो, म्हणून विचारून घ्या.

टीबी, फिट्स आणि सांधेवात

टीबीच्या कोर्समधलं आयसोनियाझिड 1952 पासून वापरात आहे. ते बी-सिक्सला धरून निकामी करतं आणि हातापायाला मुंग्या येतात. मधुमेह, दारू, गरोदरपण, किडनीचा आजार किंवा कुपोषण असेल तर जास्त. म्हणून बरोबर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-सिक्सच, देतात, सहसा रोज 10 ते 25 मिलिग्रॅम. ती छोटी गोळी 'ताकदीची' समजून टाळू नका. उलट, जास्त घेतली तर जास्त फायदा असंही नाही. बी-सिक्स रोज 100 मिलिग्रॅमच्या वर बराच काळ घेतलं तर त्यानंच नसा खराब होतात.

फिनिटॉइन, फिनोबार्बिटल, कार्बामाझेपिन या फिट्सच्या गोळ्या फोलेट आणि व्हिटॅमिन डी कमी करतात. इथे स्वतःहून फोलिक ॲसिड सुरू करू नये, कारण त्याच्या मोठ्या डोसनं फिनिटॉइनची रक्तातली पातळी उतरते आणि झटका येऊ शकतो. लग्न झालेल्या किंवा होऊ घातलेल्या मुलीला फिट्सची गोळी चालू असेल तर दिवस राहण्याच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टला भेटा. फोलिक ॲसिड किती घ्यायचं आणि गोळी बदलायची का, हे तेव्हाच ठरवावं लागतं.

मेथोट्रेक्सेट फोलेटच्याच कामात अडथळा आणतं. ते सांधेवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. वार ठरवा, तो स्ट्रिपवर पेनानं लिहा आणि फोलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या वारी घ्या. मेथोट्रेक्सेटवर असताना को-ट्रायमॉक्साझोल कधीही नको.

सूज उतरवण्यासाठी फ्युरोसेमाइड घेणाऱ्यांच्या लघवीतून थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-वन, जातं. हृदयाचा अशक्तपणा असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

पायरी 3: लक्षणं हाताच्या कामात शोधा

"अशक्तपणा वाटतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की तो सगळ्यांनाच वाटतो. रोजच्या सवयीच्या कामात काय बदललं ते बघा.

आमच्याकडे येणाऱ्या एक मावशी विड्या वळतात. वयाच्या पंधराव्या वर्षापासून हात त्या कामात बसलेले. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, हे सगळं न बघता व्हायचं. औषध घेताना सुट्टे पैसे बोटांतून निसटले तेव्हा मी विचारलं.

"काय झालं ओ मावशी?"

"काय की ओ दादा. पान हातात धरलेलं कळंना झालंय. बघून वळावं लागतंय. दोरा तर सुटतोयच."

बघून वळावं लागतं, हेच लक्षण. बोटांना स्पर्श कळत नाही म्हणून डोळ्यांची मदत घ्यावी लागते. मेटफॉर्मिन बऱ्याच वर्षांपासून, घर शाकाहारी, दूध चहापुरतं. चिठ्ठीवर डॉक्टरांना उद्देशून दोन ओळी लिहून दिल्या. तपासणीत बी-ट्वेल्व्ह अगदी खाली आलं.

यंत्रमागावर काम करणाऱ्याला तुटलेला धागा जोडताना गाठ बसेनाशी होते. घरात कुणाची चप्पल पायातून निघून जाते आणि कळत नाही. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. जीभ लाल, गुळगुळीत होते आणि शेंगा-चटणीचा घास झोंबतो. विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी हेही बी-ट्वेल्व्हमुळे होऊ शकतं, आणि घरातले वयाला दोष देत बसतात. वारंवार तोंड येणं, दम लागणं, चेहरा फिकट पडणं हे फोलेटच्या कमतरतेतही दिसतं. हिरड्यांतून रक्त, न आपटता निळे डाग, जखमेचं रक्त थांबायला वेळ, हे केच्या बाजूचं.

पायरी 4: आधी रक्त द्या, मग गोळी घ्या

हा क्रम उलटा झाला की सगळं मुसळ केरात जातं. बी-ट्वेल्व्हची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन मग तपासणी केली तर आकडा फुगलेला येतो आणि कमतरता झाकली जाते. नसांच्या दुखण्यासाठी मिळणाऱ्या प्रीगाबालिनच्या अनेक गोळ्यांत मिथिलकोबालामिन, म्हणजे बी-ट्वेल्व्हच, आधीच मिसळलेलं असतं. पहिल्या पायरीतला कागद इथे कामाला येतो.

सुरुवातीला दोन तपासण्या पुरतात, सीबीसी आणि सीरम बी-ट्वेल्व्ह. सीबीसीमध्ये हिमोग्लोबिनबरोबर एमसीव्हीही बघा. तो 100 च्या वर असेल तर तांबड्या पेशी मोठ्या झाल्या आहेत, म्हणजे बी-ट्वेल्व्ह किंवा फोलेट कमी असण्याची शक्यता. पण एमसीव्ही नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, आणि दोन्ही कमतरता एकत्र असल्या की सरासरी आकडा नॉर्मल दिसतो. आपल्याकडे बायकांमध्ये ही जोडी नेहमीची आहे.

बी-ट्वेल्व्ह 200 पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. 200 ते 300 च्या मध्ये असेल आणि लक्षणं असतील तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलॉनिक ॲसिड तपासायला सांगतात. प्रत्येक लॅबची पद्धत थोडी वेगळी असते, म्हणून पुढची तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. 'फुल बॉडी पॅकेज' घेण्याआधी त्यात बी-ट्वेल्व्ह आहे का ते विचारा, आणि फक्त तेवढीच तपासणी स्वस्तात होत असेल तर तेवढीच करा.

केसांच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं. त्यामुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, आणि हृदयविकाराचा झटका ओळखण्याची ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा फसू शकते. अमेरिकेच्या एफडीएनं 2017 मध्येच याची सूचना दिली आहे. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ही गोळी थांबवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

पायरी 5: ताटात काय बदलायचं

आपलं सोलापुरी जेवण आतड्यातल्या जिवाणूंच्या सोयीचं आहे, ते सोडू नका. ज्वारीची भाकरी, मग ती ताजी असो की कडक, तूरडाळ, मटकी, हुलगे. यातला न पचणारा भाग मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो आणि जिवाणूंचं पोट भरतो. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर महागड्या पावडरींच्या मागे लागण्याआधी दोन्ही वेळच्या भाकरीवर या. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर उत्तमच.

फोलेटसाठी पालेभाज्या, डाळी आणि शेंगदाणे. फोलेट उष्णतेनं कमी होतं आणि पाण्यात उतरतं, म्हणून भाजी उकडून पाणी ओतून देऊ नका. आपली शेंगा-चटणी इथे कामाची आहे. फोलेटचा इतिहासही आपल्यासारख्या गिरणी-कामगारांशी जोडलेला आहे. ल्यूसी विल्स या इंग्लिश डॉक्टरांनी 1928 पासून मुंबईत येऊन कापड गिरण्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळलं.

के मिळतं शेपू, पालक, मेथी, तांदुळजा, शेवग्याचा पाला आणि कोथिंबिरीतून. वॉर्फरिन किंवा असिनोकुमारॉलवर असलेल्यांनी पालेभाजी बंद करायची नसते, ती दर आठवड्याला साधारण तेवढीच ठेवायची. वेळा अमावस्येला किंवा संक्रांतीला भज्जी एकदम भरपूर खाल्ली आणि मग महिनाभर पानालाही हात लावला नाही, अशानं आयएनआर वरखाली होतो.

बी-ट्वेल्व्हसाठी शाकाहारी माणसानं दुधाचा हिशोब करावा. पाव लिटर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. म्हणजे दूध, दही, ताक मिळून दिवसाला अर्धा लिटर तरी हवं. दही-धपाटे आवडत असतील तर दह्याचं प्रमाण वाढवा. अंडं चालत असेल तर एकातून साधारण अर्धा मायक्रोग्रॅम. मटण आणि उजनीचे मासे खाणाऱ्यांची अन्नातून होणारी आवक चांगली असते, कलेजीत तर बी-ट्वेल्व्ह मुबलक. पण आधीच कमतरता झालेली असेल आणि मेटफॉर्मिन चालूच राहणार असेल तर नुसत्या आहारानं ती भरत नाही. तिथे गोळी किंवा इंजेक्शनच.

पायरी 6: पूरक गोळी घ्यायची ठरली तर

बी-ट्वेल्व्हची मोठ्या डोसची गोळी, रोज 1000 मायक्रोग्रॅम, बहुतेकांना पुरते. नेहमीची वाट बंद असली तरी एवढ्या डोसमधलं साधारण एक टक्का आपोआप झिरपून रक्तात जातं, आणि तेही रोजच्या गरजेपेक्षा जास्त असतं. हातापायाच्या नसांवर परिणाम झाला असेल, तोल जात असेल किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल तर डॉक्टर इंजेक्शननं सुरुवात करतात. किती आणि किती दिवसांनी, हे त्यांना ठरवू द्या. "ताकदीची बाटली" म्हणून सलाईनमधून पिवळं पाणी चढवून घेण्यात पैसे घालवू नका.

फोलिक ॲसिड एकटंच सुरू करू नका. बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसत्या फोलिक ॲसिडनं रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. आधी बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या.

वॉर्फरिनवर असलेल्यांनी मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावर 'व्हिटॅमिन के' आहे का ते वाचूनच घ्यावं. बी-ट्वेल्व्ह उजेडानं खराब होतं. इंजेक्शनं घरी नेऊन ठेवायची असतील तर खोक्यातून काढू नका आणि एप्रिल-मे महिन्यांत दुचाकीच्या डिकीत ठेवून दुपारभर हिंडू नका.

पायरी 7: अँटिबायोटिक चालू असताना

कोर्स पूर्ण करा आणि जेवण सोडू नका. भूक नसेल तर मऊ भात, वरण, ज्वारीची आंबील असं थोडं थोडं चालू ठेवा, कारण के कमी होण्यात उपासमारीचा वाटा मोठा असतो. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर दूध, दही, कॅल्शियम आणि लोहाची गोळी त्याबरोबर घेऊ नका. कॅल्शियम आणि लोह या औषधांना बांधून टाकतात आणि औषध शोषलं जात नाही. गोळी आधी घ्या, दही निदान दोन तासांनी. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीसाठी याहून जास्त अंतर लागतं, ते विचारून घ्या. सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. विषाणूवर ते चालत नाही, आतड्यातले जिवाणू मात्र मारतं.

पायरी 8: डॉक्टरांसमोर कागद ठेवा

ओपीडीत गर्दी असते, दोन मिनिटं मिळतात. तीन प्रश्न लिहून न्या. मेटफॉर्मिनला इतकी वर्षं झाली, बी-ट्वेल्व्ह तपासायचं का? पित्ताची गोळी अजून लागते का, की कमी करता येईल? आणि नवीन गोळी लिहिली असेल तर ती माझ्या जुन्या गोळ्यांबरोबर चालते का? तिसरा प्रश्न मेडिकलमध्येही विचारा. फार्मासिस्टचं ते कामच आहे.

कमतरता सापडून उपचार सुरू झाले की दोन-तीन महिन्यांनी सीबीसी आणि बी-ट्वेल्व्ह पुन्हा करा, मग वर्षातून एकदा. रक्त काही आठवड्यांत सुधारतं, नसांना महिने लागतात. मधल्या काळात मुंग्या थोड्या वाढल्यासारख्या वाटल्या तर घाबरून उपचार सोडू नका, डॉक्टरांना सांगा. पायाला संवेदना कमी असेपर्यंत चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा, काटा बघून घ्या आणि उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका, देवळाच्या आवारातसुद्धा.

शुगरच्या रुग्णांसाठी एक बाब राहिली. बी-ट्वेल्व्ह कमी असताना एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि उपचार सुरू झाल्यावर नव्या तांबड्या पेशी भराभर तयार होतात तेव्हा ते खऱ्यापेक्षा कमी दिसतं. त्या दोन-तीन महिन्यांत फक्त त्या आकड्यावरून शुगरच्या गोळीचा डोस वर किंवा खाली करू नये. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर वहीत लिहून ठेवा, आणि बी-ट्वेल्व्ह कधी सुरू केलं ती तारीख त्याच पानावर वर लिहा, म्हणजे डॉक्टरांना दोन्ही एकत्र दिसेल.